दात काढण्याचे दिवस

कट् असा आवाज झाला आणि भाऊजींच्या पकडीत माझी अर्धीच दाढ आली. वरची अर्धी. मुळं हिरडीतच राहिली. भाऊजींनी पक्कड उजेडाकडे धरली, तुकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. खुर्चीच्या उजव्या अंगाला परीक्षक उभे होते. ते जरा पुढे सरकले. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा आपलं दुखणं विसरून माझ्याकडे टक लावून बघत होता. माझ्या तोंडात रक्त, म्हणजे गंजलेल्या खिळ्याची चव. भाऊजींची ही दुसरी खेप होती. आदल्या खेपेला ते याच परीक्षेत नापास झाले होते. या वेळीही झाले असते तर दातांचं शिक्षण बंद, आणि आमच्या ह्यांच्या ऑफिसात कारकुनी, असं घरात ठरून गेलं होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, मधुकर. वयाने माझ्याहून मोठेच, पण मी थोरल्या भावाची बायको म्हणून त्यांची वहिनी. मुंबईच्या दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. तिथल्या परीक्षेची एक रीत होती. दात काढून दाखवायचा, आणि तो दात ज्याचा, ते माणूस विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायचं. तसं त्या दिवशी मला आणलं होतं.

बाजारात कैरी आली की मला ही खुर्ची आठवते. या वर्षी तर जास्तच, कारण भाऊजींची नात सई सध्या माझ्याकडे येऊन बसते. तीही दातांचंच शिकते. तिचीही परीक्षा तोंडावर आली आहे, आणि तिलाही पेशंट आपला आपणच आणायचा आहे. इतकी वर्षं गेली, बाळकुमला भाताची खाचरं होती तिथे तिच्या आईबापांचा विसाव्या मजल्यावरचा ब्लॉक झाला, पण ही रीत काही बदलली नाही.

परवा मी तिला विचारलं, "अगं, मग तुम्हाला शिकवतात तरी कशावर?"

"आधी रबराच्या डोक्यावर गं, मोठी आजी. त्याच्या तोंडात दात बसवलेले असतात. त्याच्यावर माझं काम एकदम मस्त होतं."

"मग झालं तर."

"कसलं झालं! रबराच्या डोक्याला जीभ नसते. खरं माणूस आलं की जीभ मध्ये येते, लाळ येते, आणि मी आत आरसा घातला की नेमकी त्यांना सुनेची गोष्ट सांगायची असते."

मी हसले. मला हसताना पदर लावावा लागतो, कारण पुढे आता काही उरलेलं नाही. तिचे डोळे माझ्या तोंडावरच होते. तिच्या मनात काय आलं ते मला तिथेच कळलं होतं. बोलली मात्र ती दुसऱ्या दिवशी.

तेव्हाचा चैत्र-वैशाख आजच्यासारखा नव्हता, असं म्हातारी माणसं म्हणतात. मी म्हणणार नाही. उकाडा तेव्हाही असाच होता, घामोळं असंच यायचं. वारा मात्र खाडीवरून यायचा आणि त्याला मिठाचा वास असायचा. आमच्या ठाण्याला कोलशेतच्या बाजूला मिठागरं होती. भर उन्हात तिथे मिठाचे ढीग लागायचे, आणि ते इतके पांढरे असत की लांबून पाहतानाही डोळे बारीक करावे लागत. खडवलीकडच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन येत. आमच्या ओट्यावर पापड वाळत असायचे आणि त्यांच्या शेजारी भाऊजींचे दात.

खोटं नाही. कॉलेजात त्यांना दात कोरायला लावायचे, मेणाचे आणि साबणाचे. खऱ्या दाताच्या चौपट मोठे. सुळा कसा, दाढेला उंचवटे किती, कुठे खोलगट, हे वर्गात फळ्यावर शिकायचं आणि मग हाताने कोरून दाखवायचं. मेण उन्हात मऊ होतं म्हणून भाऊजी घरी कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या कोरायचे. बिघडलेल्या दाढा न्हाणीघरात यायच्या. सासूबाई एकदा आंघोळीहून बाहेर येत म्हणाल्या, "आज अक्कलदाढेने अंग घासलं. बघू अक्कल येते का." मी तर त्या दिवसांत सगळे कपडे दाढांनीच धुतले.

खरे दातही होते. काढलेले दात कॉलेजातून मिळायचे. ते एका बरणीत औषधाच्या पाण्यात ठेवलेले असत. सासूबाईंनी ती बरणी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "कुणाच्या तोंडातले, जिवंताचे का मेल्याचे, आणि माझ्या देवांसमोर?" बरणी बाहेर पडवीत, कोळशाच्या डब्याशेजारी राहिली. गल्लीतल्या पोरांना मात्र तिचं फार कौतुक. दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा आणि उंदराकडे त्याचा दात मागायचा, ही आपली रीत. आमच्या गल्लीतल्या उंदरांना त्या वर्षी एकही दात मिळाला नाही. पोरं दात मुठीत धरून धावत यायची, "मधूकाका, घ्या, पडला!"

माझ्या शिवणयंत्राचीही यातून सुटका नव्हती. कॉलेजात दात पोखरायचं यंत्र पायाने चालवायचं असे. खाली पाय हलत राहायला हवा आणि वर हात तसूभरही हलता कामा नये. म्हणून भाऊजी माझ्या शिवणयंत्रापाशी बसत, पायाने पट्टी हलवत, आणि त्याच वेळी फळीवर कागद ठेवून पेन्सिलीने बारीक बारीक गोल काढत. आधी आधी सगळ्या जिलब्याच निघायच्या. महिनाभराने गोल दिसायला लागले. माझी पोलकी तेवढा महिना शिवायची राहिली.

तोंडाने पाठांतर चालूच असायचं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी मला कळत नव्हतं, म्हणून ते मला मराठीतही म्हणून दाखवायचे, पाढ्यांसारखं. "खालची पहिली दाढ, मुळं दोन. पुढचं मूळ रुंद, मागे झुकलेलं. मागचं मूळ सरळ." मी पोळ्या लाटत ऐकायची. एखाद दिवशी ते अडले तर मी पुढचं सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "हिलाच बसवा परीक्षेला."

आमच्या घरात या शिक्षणाला कोणी फार मानत नव्हतं. सासूबाईंचा तर ठरलेला बोल होता. "दात काढायला कॉलेजात कशाला जायला हवं? हा पाळण्यात असल्यापासून काढतोय." भाऊजी खरंच सारखे हसत असायचे, काही झालं तरी. आमचे हे कोटाची बटणं लावता लावता म्हणायचे, "मधू, दात कोरून पोट भरत नाही." ह्यांचा स्वभाव वाईट नव्हता. वडील गेल्यावर घर ह्यांच्यावर पडलं होतं, आणि धाकट्या भावाचं काहीतरी मार्गी लागावं एवढीच ह्यांची इच्छा होती. त्यातून सासूबाईंचे सगळे दात शाबूत, आणि तेही राखुंडीवर. भाऊजी त्यांना ब्रश देऊ पाहायचे. त्या विचारायच्या, "तुझ्या प्रोफेसराचे दात कसे आहेत रे?" प्रोफेसरांना कवळी होती. भाऊजी ब्रश परत ठेवून देत.

पहिल्या खेपेला ते नापास झाले तेव्हा लेखी आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांच्या पुढे होते. पक्कड हातात घेतली आणि हात कापायला लागला. समोरच्या माणसाच्या तोंडात पक्कड घालायची त्यांची छाती होईना. त्या वेळचे परीक्षक म्हणाले होते, "तुमचं डोकं पास झालं, हात नापास." भाऊजींनी घरी येऊन हेच वाक्य सांगितलं आणि हसले. तेव्हाच्या त्या हसण्याकडे माझ्याने बघवलं नाही. आणखी एक संधी देतो, असं हे म्हणाले. एकच.

मग सोनाबाय आली. ती कोलशेतची, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन दारोदार फिरायची. अंगाने भक्कम, आवाज असा की वळणावर असतानाच कळावं. एका दुपारी आली तर गाल फुगलेला.

"वैनी, ह्या बाजूला राती निसता ठनका लागतंय."

आतून भाऊजी असे धावत आले, जसं काही सोनं सापडलं. "सोनाबाय, आ करा बघू."

"क्याला? दात बघून इकत घ्याला मी काय घोरा हाय?"

पण तिने आ केला. दाढ पार किडलेली, काढण्याजोगी, आणि काढायला सोपी. परीक्षेला हवी तशी. भाऊजींनी तिच्यापुढे दातांच्या कण्या केल्या. मुंबईला यायचं, गाडीभाडं आम्ही देऊ, दुखणार नाही, सुई देतात, एका मिनिटात काम. शेवटी ती कबूल झाली. "पन दुखलं त मी चावनार, डाक्टर."

"चावा. पण त्या दिवशी या म्हणजे झालं."

परीक्षेला अजून पंधरवडा होता. तेवढे दिवस तिला कळा सोसायला लावायच्या, हे भाऊजींच्याने होईना. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, थांब की आणखी थोडे दिवस. भाऊजींनी तिची दाढ साफ केली, लवंगेच्या तेलात कापसाचा बोळा भिजवून आत बसवला आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. मिठागरातल्या बाईला मीठ लिहून देणारा डॉक्टर हा पहिलाच असेल. ती एक दिवसाआड यायची, भाऊजी बोळा बदलायचे, घरभर लवंगेचा वास सुटायचा. लवंगेचं तेल दाताच्या शिरेला शांत करतं, असं पुस्तकात होतं. पुस्तकात होतं तसंच झालं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सोनाबाय दारात उभी राहिली, डोक्यावर पाटी, आणि दात काढत. म्हणजे हसत. गालाची सूज पार उतरलेली.

"डाक्टर, तुमच्या हाताला गुन हाय. दात बरा झाला!"

भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं. "बरा नाही झाला, सोनाबाय. आज तो काढायचाय."

"बऱ्या दाताला क्याला काराचा? वंगाल असता त दिला असता." वर म्हणते, "आनि आज मीठ निंगतंय. मना कामातून कोन सोरल?"

त्यांनी खूप समजावलं. दुखणं थांबलं म्हणजे कीड गेली असं नव्हे, आत ती आहेच, पुन्हा उठेल. सोनाबाय मान हलवत ऐकत होती, लहान पोराचं ऐकावं तशी. मग तिने पाटी उतरवली, दोन मुठी मीठ माझ्या सुपात टाकलं, "दात बरा केला त्याचं," म्हणाली आणि गेली. आम्ही सगळे त्या मिठाकडे बघत उभे.

सासूबाई बोलल्या त्याच. "दात काढायला शिकलास आणि बरा करून बसलास. धन्य आहे."

भाऊजी ओट्यावर बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते हसले नाहीत. ह्यांनी चपला घातल्या आणि हळूच म्हणाले, "साहेबांना आजच विचारून ठेवतो." ह्यांना चिडून बोलता आलं असतं. हे हळू बोलले, म्हणूनच ते ठरल्यासारखं वाटलं.

माझे हात पिठाचे होते. मी ते धुतले आणि म्हणाले, "माझी दाढ आहे."

माझी खालची डावी दाढ कितीतरी दिवस पोकळ होती. कैरी खाल्ली की सगळ्यांचेच दात आंबतात, पण माझ्या त्या दाढेतून कळ निघून कानापर्यंत जायची. मी बोलायची नाही. मला दुखलंखुपलं सांगत बसायची सवय नाही. पण कळ आली की माझ्या पायाची बोटं आत वळतात. भाऊजींनी ते केव्हाच पाहून ठेवलं होतं. पन्हं पिताना मला चिडवायचे, "वहिनी, तुमचे दात पायाच्या बोटांत आहेत काय?"

"तुमची नको," ते उठून म्हणाले. "तुमची वरून सगळी पोखरली आहे. पक्कड लागली की फुटेल. मग मुळं काढत बसावं लागेल."

"फुटली तर फुटली. तोंड माझं आहे."

"वहिनी, मी पुन्हा नापास होईन."

"इथे ओट्यावर बसून होणारच आहात की."

हे दारातच थांबले होते. ह्यांनी आईकडे पाहिलं. सुनेने दिराबरोबर मुंबईला जायचं, परक्या पुरुषांसमोर तोंड उघडून बसायचं, हे तेव्हा सोपं नव्हतं. सासूबाईंनी नुसतं पान वाढलं. मऊ भात, वर तूप. "जेवून जा. उपाशी पोटी दात काढू नये." यापलीकडे त्या घरात परवानगी म्हणून काही असायचं नाही.

खुर्चीपर्यंतचं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की ती लांबलचक खोली होती, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी पांढरा डगला घातलेला एक घाबरलेला मुलगा आणि खुर्चीत त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस. कोणाची आत्या, कोणाचा घरगडी, कोणाचा मालक. स्पिरिटचा वास, उकळत्या पाण्यात सुया, कुठेतरी पायाच्या यंत्राची घरघर. मी तीन वर्षं ज्याच्याबद्दल ऐकत होते ते सगळं तिथे होतं, आणि मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. परीक्षक बाहेरगावचे होते, जाड चष्मा, हात मागे बांधलेले. भाऊजींनी सुई दिली ती मात्र उत्तम दिली. ओठ जड झाला. मग पक्कड, मग तो कट् आवाज.

तर गोष्ट इथवर आली होती. अर्धी दाढ पकडीत, अर्धी तोंडात.

भाऊजींनी पक्कड खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणत होते ते त्या खोलीत दुसऱ्या कोणाला कळलं नसेल. मला कळलं. पुढचं मूळ रुंद, मागे झुकलेलं. मागचं मूळ सरळ. रक्ताखाली त्यांना काही दिसत नव्हतं, पण आतलं सगळं त्यांना पाठ होतं, आणि साबणाच्या वडीत त्यांनी ते स्वतःच्या हाताने इतक्या वेळा कोरलं होतं की अंधारातही सापडलं असतं. मी खुर्चीतून त्यांच्या पायाकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलत होता, वर-खाली, वर-खाली, माझ्या शिवणयंत्रावर हलायचा तसा. आणि हात थांबला होता. कापत नव्हता.

त्यांनी टोकाला वळण दिलेलं एक लहान हत्यार उचललं. डाव्या हाताची दोन बोटं माझ्या हिरडीच्या दोन्ही बाजूंना धरली. "वहिनी, दाब कळेल. दुखायला नको. दुखलं तर हात वर करा."

दुखलं. सुई मुळापर्यंत पोचली नव्हती. मी हात वर केला नाही. परीक्षक तिथेच होते आणि मी हात वर केला असता तर ते पुढे झाले असते, असं मला वाटलं. मी खुर्चीचे हात धरून बसले, डोळे वर छताला लावले, चेहरा दगड.

भाऊजी थांबले. हत्यार बाहेर काढलं. पुन्हा सुई भरली, पुन्हा दिली, आणि वाट पाहत उभे राहिले. घाई केली नाही. परीक्षकांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, भाऊजींनी इंग्रजीतच उत्तर दिलं. मग मुळं एकमेकांपासून सुटी झाली. ते मला ऐकू आलं, लाकूड चिरल्यासारखं. मागचं सरळ आलं. पुढचं पाठांतरात होतं तसंच निघालं, मागे झुकलेलं, जरा वळवून घ्यावं लागलं. दोन्ही मुळं त्यांनी ताटलीत तुकड्याशेजारी मांडून जुळवून पाहिली, आत काही राहिलं नाही ना याची खात्री करायला. दाढ पुरी जुळली.

परीक्षकांनी काय विचारलं होतं, ते भाऊजींनी मला परतताना सांगितलं. माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, मला बोलता येत नव्हतं, म्हणून सगळं त्यांनीच बोलून घेतलं.

"ते म्हणाले, पेशंटने हात वर केला नाही, मग तू थांबलास का? मी म्हणालो, सर, तिच्या पायाची बोटं वळली. ते म्हणाले, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, पुस्तकात नाही, सर, आमच्या घरी आहे."

"म?" मी बोळ्यातून विचारलं.

"मग ते हसले, वहिनी. दात काढले त्यांनी!" आणि भाऊजीही हसत सुटले.

घरी आलो तर सासूबाईंनी कोमट पाणी करून ठेवलं होतं. त्यात सकाळचं सोनाबायचं मीठ. तिच्या न काढलेल्या दाताच्या मिठाने मी माझ्या काढलेल्या दाताच्या गुळण्या केल्या. ह्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं आणि विचारलं, "फार दुखलं का?" लग्नाला तेव्हा काही वर्षं झाली होती. असं ह्यांनी मला आधी कधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. कोणती, हो म्हणून की नाही म्हणून, ते आता आठवत नाही.

निकाल लागेपर्यंत आंबे संपत आले होते. भाऊजी पास झाले. साहेबांना विचारलेली जागा ह्यांनी परत सांगून टाकली आणि त्यानंतर दात कोरून पोट भरण्याची म्हण आमच्या घरात कोणी काढली नाही. श्रावणात, भर पावसात, सोनाबाय डोक्यावर इरलं घेऊन आली. गाल पुन्हा फुगलेला.

"डाक्टर, आता वंगाल झाला. आता कार."

भाऊजींनी डॉक्टर म्हणून काढलेला तो पहिला दात. ती चावली नाही. पुढे त्यांनी ठाण्यात दवाखाना टाकला, मग डोंबिवलीत दुसरा. त्यांच्या हातून खूप दात निघाले असतील. पण खुर्चीत बाई बसली की ते आधी तिच्या पायांकडे बघायचे. हे त्यांच्याकडे काम शिकायला आलेली मुलं सांगायची.

मी फार शिकलेली नाही, त्यामुळे पुस्तक मोठं की हात मोठा असल्या वादात मी पडत नाही. सईच्या कॉलेजात त्याच्यावर भाषणं होतात म्हणे. मला आपलं एवढं माहीत आहे की त्या दिवशी नुसता हात असता तर तो अंधारात चाचपडला असता, आणि नुसतं पाठांतर असतं तर ते मिटल्या डोळ्यांनी म्हणत उभं राहिलं असतं. दोन्ही होतं म्हणून दाढ निघाली. आणि माझ्या पायाची बोटं होती. ती कोणी शिकवत नाही. त्यासाठी माणसाबरोबर बसून पन्हं प्यावं लागतं.

सई दुसऱ्या दिवशी आली तेव्हा कैऱ्याच घेऊन आली. आधी त्या चिरल्या, मीठ लावलं, मग म्हणाली, "मोठी आजी, एक विचारू? मला परीक्षेला कवळी बसवून दाखवायची आहे. ज्याला एकही दात नाही असा पेशंट हवा."

"एक आहे मला. मागचा."

"तो हलतोय. तो मी आधीच काढीन. चालेल ना?"

"परीक्षक कसे आहेत?"

"कडक."

"तुझा हात कापतो का?"

तिने फोडींना आणखी मीठ लावलं. मग म्हणाली, "रबराच्या डोक्यावर नाही कापत."

मी कैरीची फोड तोंडात धरली. दात नाहीत तर आंबणार काय, पण हिरड्यांना कळतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आजोबांसारखीच, फक्त चुकीच्या जागी. मी माझे पाय पुढे केले. "इकडे बघत जा," म्हटलं. तिला काही कळलं नाही. मग मी तिला हे सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं आहे तसं.

परीक्षा वैशाखात आहे. मी जाणार आहे.

सोनाबाय गेली. सासूबाई गेल्या, सगळ्या दातांनिशी. हे गेले. भाऊजी गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते परीक्षकही राहिले नसतील. त्या दिवशी त्या खुर्चीपाशी होते त्यांच्यापैकी आता मी तेवढी जिवंत आहे.